तुमच्या कामात पाय किती चालतात?

वाटसरू (धागाकर्ता):

"रोज चालता का?" हा प्रश्न डॉक्टर, नातेवाईक, मित्र सगळेच सरसकट विचारतात. पण दिवसभर मशीनवर बसणारा शिंपी आणि पाळी संपेपर्यंत टेकायला न मिळणारी नर्स, दोघांना हा प्रश्न एकाच अर्थानं कसा लागू होईल? वेगवेगळ्या पेशांतल्या लोकांचं चालणं-फिरणं प्रत्यक्षात कसं असतं, हे त्यांच्याकडूनच ऐकावं म्हणून हा धागा काढतोय.

माझं काम जमीन मोजणीचं. वर्षातले काही महिने यंत्र खांद्यावर घेऊन दिवसभर उघड्यावर, उरलेले महिने नकाशे आणि संगणक. माणूस तोच, जेवण तेच. तरी मोजणीच्या दिवसांत झोप गाढ लागते आणि पाठ कुरकुरत नाही. नकाशांचे महिने सुरू झाले की जिना चढतानाच मांड्या भरून येतात. एकाच शरीरात एवढा फरक दिसल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागलो.

यातलं सगळ्यात गाजलेलं काम लंडनच्या दुमजली बसमधलं आहे. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. एकाच संस्थेत नोकरी, एकाच शहरात राहणं, पण ड्रायव्हर पाळीभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं काढत वर-खाली करणारा. कंडक्टर दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढायचे. १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता, आणि ज्यांना झाला त्यांना तो उशिरा आणि सौम्य झाला होता. मग त्यांनी टपाल खात्यात पाहिलं. पायी आणि सायकलवरून पत्रं वाटणारे पोस्टमन एकीकडे, टेलिफोन ऑपरेटर आणि कारकून दुसरीकडे. तिथेही चित्र तसंच निघालं.

तर तुमचं काम कोणतं, त्यात पाय किती चालतात, शरीराचा कोणता भाग सगळ्यात जास्त राबतो आणि सुटल्यावर मुद्दाम चालायला जाता का? सविस्तर लिहा, एका ओळीत उरकू नका.

निशिगंधा:

मनातला विषय काढलात. मी नर्स आहे, पुरुषांच्या वॉर्डात. औषधांची खोली एका टोकाला, गंभीर रुग्णांच्या खाटा दुसऱ्या टोकाला. सलाइन बदलायला निघाले की मध्येच बेल वाजते, उलट फिरायचं. परत निघायचं, की कुणाचे नातेवाईक थांबवतात. दहा पावलं सलग सरळ चालले असं क्वचितच होतं. रुग्णाला कुशीवर वळवताना आम्ही दोघी दोन बाजूंनी चादर घट्ट धरून एका दमात ओढतो. तेव्हा सगळा भार कमरेवर येतो, पायांवर नाही. आमच्यात पाय दुखतात अशी तक्रार कमी, कमरेची जास्त.

मोजायचं म्हणाल, तर मनगटावरचा पट्टा आमच्या कामाला न्याय देत नाही. औषधांची ट्रॉली ढकलताना दोन्ही हात दांड्यावर स्थिर असतात. हात हलत नाहीत, म्हणून पट्ट्याला वाटतं मी उभीच आहे. तोच पट्टा काढून खिशात ठेवला की आकडा लगेच फुगतो.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. इतकं चालूनही टेकडी चढायची वेळ आली की माझी बहीण पुढे जाते आणि मला धाप लागते. ती ऑफिसात बसून काम करते, पण रोज पोहते. माझं दिवसभराचं चालणं जातं कुठे?

शून्य_एक:

निशिगंधाताईंचा प्रश्न वाचून माझं उलटं सांगावंसं वाटलं. मी प्रोग्रामर. घरून काम सुरू झाल्यापासून ऑफिसला जाण्या-येण्यात जे चालणं आपोआप व्हायचं तेही गेलं. मान आणि मनगटं राबतात, कमरेखालचं शरीर दिवसभर बिनकामाचं. संध्याकाळी एक तास नेमानं चालायला जातो. दोन शंका आहेत. एक, हा १० हजार पावलांचा आकडा कुठून आला? दुसरी, दिवसभर बसून संध्याकाळी एकदम चालल्यानं भरपाई होते का?

आकडेवेडी:

पहिल्या शंकेचं उत्तर माझ्याकडे आहे. १० हजार हा आकडा कुठल्या वैद्यकीय चाचणीतून निघालेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाचं वारं आलं आणि १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. 'मानपो-केई' हे त्याचं नाव, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. लक्षात राहायला सोपा, गोल आकडा. तो जगभर चिकटून बसला.

प्रत्यक्ष मोजमापातून काय दिसतं, तर २०१९ मध्ये आय-मिन ली यांच्या गटानं अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षं वयाच्या हजारो स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं. फायदा साधारण ७,५०० पर्यंत वाढत गेला आणि मग सपाट झाला. हे वयस्कर स्त्रियांपुरतं आहे, तरुणांना जशाच्या तसं लावू नये. पण बसून काम करणाऱ्यानं तीन हजारांवरून पाच हजारांवर जाणं ही मोठी गोष्ट आहे. दहा हजार झाले नाहीत म्हणून हिरमुसून सोडून देणं सगळ्यात वाईट.

घरभर:

घरकाम हा पेशा धरणार का? धरत असाल तर लिहिते. आमच्याकडे तीन पिढ्या एका घरात आहेत. ओटा ते न्हाणीघर, न्हाणीघर ते गच्ची, सासूबाईंना उठवून बसवणं, मुलाला कडेवर घेऊन दार उघडायला जाणं. दिवसभर पायांवर असते. तरी डॉक्टरांच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात 'काही नाही' आणि व्यायामाच्या रकान्यातही 'नाही' लिहून मोकळे होतात. हे मला खटकतं.

आकडेवेडी:

घरभर, नक्की धरायचा. हा भाग मोजायचा राहून जातो हे अगदी खरं. कॅनडातल्या जुन्या वळणाच्या आमिश शेतकरी समाजात २००४ मध्ये आठवडाभर पावलं मोजली होती. ते लोक मोटार आणि ट्रॅक्टर वापरत नाहीत. पुरुषांची सरासरी दिवसाला १८ हजारांच्या वर निघाली, स्त्रियांची १४ हजारांच्या वर. त्या स्त्रियांची पावलं बहुतेक घरातली आणि बागेतली, व्यायाम म्हणून कुणी चालत नव्हतं. म्हणजे घर हीसुद्धा चालण्याची जागा आहे. घरात यंत्रं किती आणि माणसं किती यावर ते ठरतं.

सुईदोरा:

माझं शिवणकाम. पायमशीन होतं तेव्हा पावलं चालत नसली तरी पाय चालायचे. घोटा आणि पोटरी सतत वर-खाली. मोटार बसवली तेव्हापासून उजव्या पायाचा पंजा फक्त दाबून ठेवायचा असतो, डावा पाय नुसता पडून. काम झटपट होतं, पण संध्याकाळी डाव्या घोट्याभोवती मोज्याच्या कडेचा वळ उमटलेला असतो. पूर्वी असं नव्हतं. मान पुढे, खांदे वर, नजर सुईवर. कापड बेतायला उभं राहायचं तेवढाच विसावा. आम्ही बेतण्याचं काम सकाळी एकदम उरकतो. ते दिवसभरात वाटून घेतलं तर बरं पडेल का?

कणा:

सुईदोरा, हो, अवश्य वाटून घ्या. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि शिवणकाम करणाऱ्यांना मी नेमकं हेच सांगते. पोटरीचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं. पायमशीन ते काम फुकटात करून देत होतं. मोटार आल्यावर ते बंद पडलं, म्हणून सूज. एक कपडा झाला की उठून बेतायचं, इस्त्री करायची, परत बसायचं. इस्त्री हाताला लागेल अशी जवळ ठेवू नका, चार पावलं लांब ठेवा. एकाच पायाची सूज वाढत गेली, पोटरी दुखली किंवा गरम लागली, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

शून्य_एक यांच्या दुसऱ्या शंकेकडे येते. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड डन्स्टन यांच्या गटानं जास्त वजनाच्या, मध्यमवयीन लोकांना एक दिवस सलग बसवलं आणि दुसऱ्या दिवशी दर २० मिनिटांनी फक्त दोन मिनिटं चालायला लावलं. उठून चाललेल्या दिवशी जेवणानंतरची रक्तातली साखर आणि इन्शुलिन दोन्ही कमी राहिली. हळू चाललं तरीही. त्यामुळे मधून मधून उठण्याला स्वतःची किंमत आहे, संध्याकाळच्या तासानं ती वसूल होत नाही. संध्याकाळचा तासही वाया नाही. दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये जो मोठा आढावा निघाला, त्यात रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम व्यायाम करणाऱ्यांमध्ये आठ तास बसण्याचा जास्तीचा धोका जवळजवळ दिसेनासा झाला होता. तुमचा तास त्या हिशेबात बसतो. तो सोडू नका, त्यात उठण्याची भर घाला.

निशिगंधाताई, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्यावर रात्री निवांत लिहिते.

गोदामी:

तोवर माझं सांगतो. मोठ्या गोदामात माल गोळा करायचं काम. हातातल्या स्कॅनरवर पुढच्या वस्तूचा रॅक नंबर येतो आणि खाली सेकंद उलटे मोजले जातात. सेकंद संपायच्या आत वस्तू सापडली नाही तर पट्टी लाल होते आणि ते सुपरवायझरला दिसतं. मी चालतो म्हणजे स्कॅनर मला चालवतो. पावलांच्या आकड्यात इथल्या बहुतेकांपेक्षा मीच पुढे असेन. खालच्या फळीसाठी वाकणं, वरच्यासाठी टाचा उंचावणं, मध्ये वजन उचलणं. पाणी प्यायलाही वेळ बघावा लागतो. सुटल्यावर घरी जाऊन आडवा होतो, चालायला जायचं मनातही येत नाही. लोक म्हणतात, "तुला काय, व्यायामाचे पैसे मिळतात." हे ऐकलं की वाईट वाटतं, कारण गुडघे आणि पाठ काही वेगळंच सांगतात.

कणा:

गोदामी दादा, तुमचा अनुभव आणि निशिगंधाताईंचा प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

गेल्या काही वर्षांत या विषयात एक विसंगती पुढे आली आहे. फावल्या वेळातली हालचाल जितकी जास्त, तितका हृदयविकार कमी. पण कामातली शारीरिक मेहनत जितकी जास्त, तितका तो काही अभ्यासांत उलट वाढलेला दिसतो. डेन्मार्कचे आंद्रेआस होल्टरमान यांनी यावर बरंच काम केलंय. २०२१ मध्ये कोपनहेगन परिसरातल्या एक लाखाहून जास्त लोकांचा त्यांचा अभ्यास आला, त्यातही हेच दिसलं.

त्यांनी मांडलेली कारणं मला रोज माझ्या रुग्णांमध्ये दिसतात. कामातलं चालणं फार वेळ चालतं, पण त्याचा जोर कमी असतो. हृदयाची ताकद वाढायला काही मिनिटं तरी श्वास जलद व्हावा लागतो आणि मग पुरती विश्रांती मिळावी लागते. निशिगंधाताई, तुमचं चालणं तुकड्यातुकड्यांचं आहे. नाडी थोडी वाढते आणि दिवसभर तिथेच राहते, वरही जात नाही आणि खालीही येत नाही. बहीण पोहताना तिची नाडी चांगली वर जाते, मग पूर्ण उतरते. टेकडीवर तुम्हा दोघींत जो फरक पडतो तो त्याचा. दुसरं, वजन उचलताना आणि एकाच स्थितीत ताठ राहताना रक्तदाब वाढतो, आणि कामात हे तासन् तास घडतं. तिसरं, दमल्यावर थांबायचं की नाही हे कामगाराच्या हातात नसतं. व्यायाम करणारा दमला की बाकावर बसतो. गोदामी दादांचा स्कॅनर बसू देत नाही.

म्हणून "तू कामात एवढं चालतोस, तुला व्यायामाची गरज नाही" हे वाक्य मी कुणाच्या तोंडी ऐकलं की मला राग येतो. अंगमेहनत करणाऱ्याला वेगळा व्यायाम लागतो, आणि त्याहून आधी विश्रांती लागते.

आकडेवेडी:

कणाताई, मांडणी पटली, पण एक बाजू ठेवायला हवी. अंगमेहनतीची कामं करणारे लोक बहुतेकदा कमी पगाराचे, कमी शिकू शकलेले, धुरात-धुळीत राबणारे, उपचार उशिरा मिळणारे असतात. आकडेमोडीत हे घटक कितीही वजा केले तरी पूर्ण वजा होत नाहीत. मग दोष मेहनतीचा की गरिबीचा? २०२१ मध्येच नॉर्वेतल्या चार लाखांहून जास्त लोकांचा दीर्घकाळचा अभ्यास आला. त्यात शिक्षण, उत्पन्न, धूम्रपान वगैरे हिशेबात धरल्यावर शारीरिक कामं करणारे पुरुष बैठं काम करणाऱ्यांपेक्षा थोडे जास्तच जगलेले दिसले. म्हणजे भांडण मिटलेलं नाही.

लंडनच्या कामावरही असाच, म्हणजे फरक कामाचा की मुळातल्या माणसांचा, असा आक्षेप आला होता, आणि मला आवडतं ते असं की मॉरिस यांच्या गटानं स्वतःच तो तपासला. १९५६ मध्ये त्यांनी बसवाल्यांच्या गणवेशाची मापं काढली. ड्रायव्हरांच्या पँटी कंबरेला कंडक्टरांपेक्षा मोठ्या निघाल्या, अगदी तरुण वयातही. म्हणजे मुळात जाड माणसं ड्रायव्हर होत होती का, ही शंका रास्त ठरली. पुढे त्यांनी अंगकाठी लक्षात घेऊन पुन्हा तुलना केली, तरी कंडक्टरांची बाजू वरचढच राहिली.

वाटसरू:

ही माहिती नवीन होती, आभार. १९५६ वरून आठवलं. त्याच वर्षी बंगालमधल्या एका ज्यूट गिरणीतल्या लोकांवरचा ज्याँ मेयर, पूर्णिमा रॉय आणि मित्रा यांचा अभ्यास छापून आला होता. हलक्या ते अतिकष्टाच्या कामापर्यंत काम वाढत गेलं तसं खाणंही वाढत गेलं आणि वजन स्थिर राहिलं. पण अगदी बैठी कामं करणाऱ्यांचं खाणं मात्र कमी झालं नाही. उलट ते जास्त निघालं, आणि वजनही जास्त. हालचाल एका मर्यादेच्या खाली गेली की भुकेचा अंदाजच बिघडतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. नकाशांच्या महिन्यांत मला हे तंतोतंत जाणवतं. काम कमी आणि भूक जास्त.

चाकधर:

मी लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. वरचं ड्रायव्हरांचं वाचून काळजी वाटली, खोटं कशाला बोलू. आमच्यात पोट सुटणं, साखर, कंबर हे घरोघरी. चालायचं म्हणजे गाडी उभी असते तेव्हाच. माल उतरवायला तास-दोन तास लागतात, तेव्हा आम्ही केबिनमध्ये आडवे होतो किंवा फोन बघतो. तेवढ्यात चाललं तर उपयोग होईल का? की सलग अर्धा तास लागतोच?

कणा:

दादा, पूर्वी सलग किमान दहा मिनिटं चाललं तरच धरायचं असा नियम होता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या सूचनांमध्ये ती अट काढून टाकली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, कशीही वाटून, आणि दोन दिवस स्नायूंना ताकदीचा व्यायाम. गाडीभोवतीच झपझप फेऱ्या मारा. मिनिटाला १०० पावलांच्या आसपास गती धरा. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा श्वास लागला की गती बरोबर. झोप मात्र कापू नका. रात्रभर गाडी हाकून आलात तर माल उतरेपर्यंत झोपा, चालणं दुसऱ्या थांब्यावर.

पहारा:

मी इमारतीच्या गेटवर सुरक्षारक्षक. बारा तासांची पाळी, खुर्ची ठेवू देत नाहीत. आमचं चालणं नाही आणि बसणंही नाही, नुसतं उभं राहणं. पोटरीवर निळ्या शिरा वर आल्यात. उभं राहणं बसण्यापेक्षा चांगलं असं सगळीकडे वाचतो, मग असं का?

कणा:

पहारा दादा, कारण स्थिर उभं राहणं ही हालचाल नव्हे. बसण्याच्या तुलनेत त्यात तासाला आठ-दहा कॅलरी जास्त लागतात, एवढाच फरक. पोटरी आवळली जात नाही, रक्त खाली साचतं, शिरांच्या झडपांवर ताण येतो. तुमच्या शिरा एकदा डॉक्टरांना दाखवा आणि दाबाचे मोजे चालतील का ते विचारा, मापाशिवाय विकत घेऊ नका. उभ्या उभ्या टाचा उचलून खाली टेकवणं अधूनमधून करत राहा. दोन रक्षक असाल तर एकानं गेट आणि एकानं इमारतीची फेरी, ठरावीक वेळानं अदलाबदल. आणि बसायला मिळायलाच हवं. ती मागणी सगळ्यांनी मिळून, लेखी करा. डॉक्टरांची चिठ्ठी जोडलीत तर आणखी जोर येईल.

निशिगंधा:

कणाताई, माझं कोडं सुटलं. जिना रोज चढतेच, पण कामाच्या ओघात, थांबत थांबत. आता सुटीच्या दिवशी टेकडीच पकडते, जोरात चढायचं आणि वर पुरतं बसायचं. आणखी एक. आमच्या वॉर्डात फेऱ्यांची विभागणी लांबी न बघता होते, एकीला कायम लांबचं टोक. हे बदलायचं सिस्टरांशी बोलले, त्या तयार आहेत.

गोदामी:

आमच्याकडेही माल गोळा करणं, पॅकिंग आणि लेबल लावणं अशी तीन कामं आहेत, आणि माणसं वर्षानुवर्षं एकाच कामावर. पॅकिंगवाले म्हणतात पाय आखडले, आम्ही म्हणतो गुडघे गेले. दर दोन तासांनी अदलाबदल करा म्हणून अर्ज लिहितोय. त्यात सेकंदांच्या पट्टीबद्दलही लिहिणार आहे, निदान पाणी पिण्यापुरती ती थांबवता यावी. कणाताई, अर्जात विश्रांतीबद्दल नेमकं काय मागावं, दोन ओळी सांगाल का?

कणा:

सांगते. एक, दर दोन तासांनी दहा मिनिटं बसून विश्रांती, आणि तेवढा वेळ स्कॅनर पूर्ण बंद. दोन, जड वस्तू कमरेच्या उंचीच्या फळीवर, हलक्या वर आणि खाली. दुसऱ्या मागणीला व्यवस्थापन बहुधा लवकर तयार होईल, कारण त्यात वेळ जात नाही. पण पहिली सोडू नका. अर्जाचा मसुदा इथे टाका, भाषा मी बघते.